कटिंगला देण्याआधी गाडीचा नंबर उतरवून घ्या

तुमच्या वाड्याच्या पडवीत, सोसायटीच्या मागच्या शेडमध्ये, गावाकडच्या गोठ्याशेजारी किंवा आजोबांच्या बंद गॅरेजात ताडपत्रीखाली एखादी जुनी गाडी उभी असेल, तर हे आवाहन तुमच्यासाठी आहे. एक दुपार काढा. टॉर्च, पेन्सिल आणि पातळ कागद घेऊन त्या गाडीपाशी जा आणि तिच्या अंगावर ठोकलेले नंबर उतरवून घ्या. गाडी ठेवायची असो, विकायची असो की मोडीत काढायची असो, आधी हे काम करा.

घाई का, तर वेळ खरोखरच थोडा उरला आहे. पुण्याच्या पेठांतले वाडे, गिरगाव-दादरच्या जुन्या इमारती, नाशिक-कोल्हापुरातले बंगले एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. जागा रिकामी करून द्यायची तारीख ठरली की घरातली भांडीकुंडी टेम्पोत चढतात, पण चाकं बसलेली गाडी कुठे न्यायची हे कुणालाच सुचत नाही. मग भंगारवाल्याला फोन जातो आणि गाडी किलोच्या भावाने कटिंगला जाते. रस्त्याकडेला उभी असेल तर महापालिका तिला बेवारस म्हणून नोटीस चिकटवते, मुदत संपली की उचलते आणि पुढे ती लिलावात निघते. दुसरीकडे, ही गाडी कुणी, कधी, कुणाकडून घेतली हे सांगू शकणारी माणसं ऐंशी-नव्वदीत आहेत. गाडी, कागद आणि माहिती देणारा माणूस हे तिन्ही एकाच वेळी हाताशी असण्याचा हा शेवटचा काळ आहे, असं मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

बहुतेकांना गाडीचा नंबर म्हणजे पाटीवरचा नंबर वाटतो. पाटी दोन स्क्रूंनी बसते आणि दोन स्क्रूंनी निघते. गाडीची ओळख चेसिस नंबर आणि इंजिन नंबर या दोन गोष्टींनी ठरते. आजच्या गाड्यांवर सतरा अंक-अक्षरांचा एकसारखा नंबर असतो. अमेरिकेत तो १९८१च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला, आणि एक-शून्याशी घोळ होऊ नये म्हणून त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं येत नाहीत. त्याआधी मात्र प्रत्येक कारखान्याची आपली स्वतंत्र पद्धत होती. त्यामुळे जुन्या गाडीवर पाच-सहा आकडीच नंबर निघाला, किंवा मध्येच एखादं अक्षर आणि चांदणी निघाली, तर तो अर्धवट आहे असं समजून सोडून देऊ नका. तोच पूर्ण नंबर असू शकतो.

तो शोधायचा कुठे, हे गाडीगणिक बदलतं. इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण नेमक्या याच जागी घरची मंडळी हार मानतात.

फोर्डच्या जुन्या गाड्या आपल्याकडे बऱ्याच आल्या. १९२६ साली फोर्डची भारतातली कंपनी निघाली आणि मुंबई, मद्रास, कलकत्ता इथे जुळणी होऊ लागली. १९०८ ते १९२७ या काळातल्या मॉडेल टीवर नंबर पाहायचा तो इंजिनच्या डाव्या अंगाला, पाणी आत येण्याच्या तोंडाच्या वर. बहुतेक वर्षं या गाडीच्या चेसिसवर नंबर ठोकलेलाच नसे. इंजिनचा नंबर हाच गाडीचा नंबर. त्यामुळे तुमच्या आरसी बुकात चेसिस नंबराच्या रकान्यातही इंजिनचाच नंबर दिसला, तर ती लबाडी असेलच असं नाही. पुढच्या मॉडेल एमध्ये, म्हणजे १९२८ ते १९३१च्या गाड्यांमध्ये, इंजिनच्या डाव्या बाजूच्या सपाट जागेवर ‘ए’ अक्षराने सुरू होणारा आणि दोन्ही टोकांना चांदणी असलेला नंबर असतो. तोच नंबर कारखान्यात चेसिसच्या डाव्या पट्टीवरही ठोकलेला असे, पण तो बॉडीखाली झाकला जातो. इंजिन कधीकाळी बदललं असेल आणि गाडीची ओळखच हरवल्यासारखी वाटत असेल, तर बॉडी उतरवण्याच्या वेळी ती पट्टी घासून बघा. नव्वद वर्षं उजेड न पाहिलेला नंबर तिथे शाबूत सापडू शकतो.

जीपचं प्रकरण वेगळं. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपा विलिस आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी बनवल्या आणि युद्धानंतर लष्कराच्या लिलावांतून त्या शेतकऱ्यांपासून कंत्राटदारांपर्यंत सगळ्यांकडे पोचल्या. विलिसच्या जीपला चेसिसच्या डाव्या पट्टीच्या आतल्या अंगाला, पुढच्या बंपरच्या मागे, नंबराची छोटी पट्टी रिव्हेटने बसवलेली असते. फोर्डच्या जीपमध्ये तो नंबर डाव्या पट्टीच्या वरच्या तोंडावर थेट ठोकलेला असतो, आणि तिच्या बोल्टांच्या डोक्यांवरही फोर्डचं ‘एफ’ अक्षर आढळतं. डॅशबोर्डावरच्या पत्र्याच्या पाट्यांवर विसंबू नका, त्या आता बाजारात नव्या मिळतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. अशा जीपच्या कागदांवरचं साल पुष्कळदा लिलावानंतरच्या पहिल्या नोंदणीचं असतं, बनावटीचं नसतं. लष्कराच्या लिलावाची पावती घरात असेल तर ती आरसी बुकाइतकीच जपा.

मुंबईशी सगळ्यात घट्ट नातं आहे ते शिवडी आणि कुर्ल्यात जुळवलेल्या गाड्यांचं. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीत जुळणीचा कारखाना काढला. वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली स्थापन झाली आणि कुर्ल्यातून आधी डॉज, प्लिमथ, डिसोटो आणि मग फियाट बाहेर पडू लागल्या. आपण जिला डुक्कर फियाट म्हणतो ती १९५०च्या दशकातली अकराशे, तिच्यानंतरची डिलाइट, आणि १९७४ साली पद्मिनी हे नाव मिळालेली गाडी ही सगळी त्याच घराण्यातली. परदेशातून सुटे भाग येऊन इथे जुळलेल्या गाडीला मूळ कारखान्याचा नंबर आणि इथल्या कंपनीची पाटी असं दोन्ही असू शकतं. दोन्ही उतरवा. कोणता कामाचा हे नंतर ठरेल.

फियाट आणि अ‍ॅम्बॅसेडरच्या मालकांना कळकळीने सांगायचं ते हे. या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. पत्र्याची बॉडी हीच चेसिस. त्यामुळे नंबरही पत्र्यावरच असतो आणि पत्रा गंजतो. बॉनेट उघडून इंजिनच्या मागच्या आडव्या पत्र्यावर तो आधी शोधा. तुमचा डेंटर कितीही चांगला असला, तरी गंजका पत्रा दिसला की त्याचा हात कटरकडे जातो. कापलेला तुकडा ढिगाऱ्यात पडतो, नवा कोरा पत्रा वेल्डिंग होऊन बसतो, गाडी देखणी होते आणि तिची ओळख कचऱ्यात जाते. कामाला देण्याआधी नंबराच्या पत्र्याभोवती खडूने चौकोन आखा आणि मिस्त्रीला तोंडी न सांगता लिहून द्या की एवढा भाग कापायचा नाही.

नंबर उतरवण्याची रीत साधी आहे. गाडी आहे तशी, धूळ न पुसता, चारही बाजूंनी आणि बॉनेटच्या आतून फोटो काढा. मग केरोसीनमध्ये भिजवलेल्या फडक्याने नंबराची जागा हळूहळू मऊ करा. ग्रीस खरवडायला प्लास्टिकची पट्टी पुरते. ग्राइंडर, वायर ब्रशचं चाक, पॉलिश पेपर यांतलं काहीही तिथे लावू नका. जुन्या काळी हाताने एकेक आकडा ठोकत, त्याची खोली थोडीच. ग्राइंडरचा एक फेरा आणि आकडा गेला. टॉर्च समोरून न धरता बाजूने, पत्र्याला जवळजवळ टेकवून धरा म्हणजे खोलगट रेषांत सावली पडते. त्यावर बटर पेपर चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि पेन्सिलचं शिसं आडवं धरून हलक्या हाताने फिरवा. आरटीओच्या कामात रोज लागणारी पेन्सिल प्रिंट ती हीच.

पुण्यातल्या एका वाड्यात डुक्कर फियाटचा नंबर असा वर येताना मी पाहिला आहे. आरसी बुकात शेवटून दुसरा आकडा तीन होता. घरातले काकाही तीनच म्हणत होते, नुसत्या डोळ्यांना पत्र्यावरही तीनच दिसत होता. त्यांची नात टॉर्च धरून बसली होती. कागद करडा होत गेला, आकडे एकेक करून पांढरे उमटले, आणि त्या तीनच्या डाव्या बाजूला गंजाने बुजलेल्या दोन कडा दिसल्या. तो आठ होता. पन्नास-साठ वर्षांपूर्वी आरटीओतल्या कुणा कारकुनाने तो तीन वाचला आणि तेव्हापासून सगळे तेच वाचत आले. अशी चूक तीन-आठात होते, शून्य आणि ओमध्ये होते, एक आणि आयमध्ये होते.

अशा वेळी काय करायचं, यावर गाडीचं पुढचं सगळं आयुष्य अवलंबून असतं. कागद चुकला असेल तर कागद दुरुस्त करा, पत्र्याला हात लावू नका. पेन्सिल प्रिंट, फोटो, प्रतिज्ञापत्र आणि जुनं आरसी बुक घेऊन नोंद दुरुस्त करण्याचा अर्ज द्या. वेळ लागेल, खेटे पडतील, पण तो मार्ग आहे. ‘कशाला एवढा खटाटोप, मी नंबर मारून देतो’ असं म्हणणारा माणूस प्रत्येक गॅरेजच्या आसपास भेटतो. त्याला गाडीला हात लावू देऊ नका. आरटीओच्या परवानगीविना चेसिसवर नंबर पंच केला की तुमची खरी, घरची, आजोबांनी पैसे मोजून घेतलेली गाडी चोरीच्या गाडीसारखी दिसू लागते, आणि ती तशी नाही हे सिद्ध करण्याची पाळी तुमच्यावर येते.

नंबर पूर्ण झिजला असेल किंवा कुणी मुद्दाम घासला असेल, तरी आशा सोडायची नाही. पोलादावर आकडा ठोकला जातो तेव्हा त्याच्या खालचा धातूही दबतो. वरचा आकडा गेला तरी ती दबलेली खूण खाली राहते, आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायन लावून ती पुन्हा दिसू शकते. मुंबईत कालिन्याला न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. तिथपर्यंत प्रकरण पोलिसांमार्फत किंवा कोर्टामार्फत जातं. घरी अ‍ॅसिड ओतून पाहू नका. एकदा चुकीचं रसायन पडलं की प्रयोगशाळेलाही काही उरत नाही.

याहून मोठा घात दुसराच आहे, आणि त्याबद्दल उघडपणे बोललं जात नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात नुसते कागद विकले जातात. गाडी कधीच कटिंगला गेलेली असते, तिचं आरसी बुक मागे राहतं. दुसरीकडे धडधाकट गाडी असते, पण कागद नसतात. दलाल दोघांची गाठ घालून देतो. एका गाडीच्या अंगावर दुसरीचा नंबर ठोकला जातो आणि ‘पेपर क्लिअर’ म्हणून ती विकली जाते. यात दोन गाड्यांचा इतिहास एकाच वेळी पुसला जातो आणि घेणाऱ्याच्या गळ्यात गुन्हा पडतो. घेणारा बहुतेक वेळा भला, हौशी माणूस असतो. निवृत्तीचे पैसे घालून तो गाडी घेतो. म्हणून विकत घेणाऱ्यांना माझी विनंती आहे: रंग, चकचकीत बंपर, चामड्याच्या सीटा नंतर बघा. आधी आपल्या हाताने पेन्सिल प्रिंट घ्या आणि ती आरसी बुकाशी आकड्यागणिक ताडून बघा. आकड्यांमधलं अंतर असमान असेल, अक्षरांची घडण नवी वाटत असेल, आजूबाजूच्या पत्र्यावर ताजं वेल्डिंग असेल, तर तिथून उठा. चोरीच्या गाड्यांची राष्ट्रीय नोंद पोलिसांकडे असते, तीही तपासून घ्या.

आता मालकी. गाडी ताब्यात आहे म्हणून ती आपली होत नाही. दुरुस्तीला दिलेली आणि मालक परत न आलेली गाडी गॅरेजवाल्याची होत नाही, भाडेकरू सोडून गेलेली गाडी घरमालकाची होत नाही. ज्याच्याकडे मालकी नाही त्याच्याकडून पैसे देऊन घेतली तरी सर्वसाधारणपणे मालकी मिळत नाही, हे १९३०चा मालविक्री अधिनियमच सांगतो. आरसी बुकावरचं नाव हा भक्कम पुरावा आहे, पण एकमेव नाही. म्हणून बाकीचे पुरावे गोळा करा. विक्रीची पावती, बँकेच्या कर्जाचे कागद, विम्याच्या जुन्या पॉलिसी, कर भरल्याचं टीसी बुक, गॅरेजची बिलं, १९१९ साली मुंबईत सुरू झालेल्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनचं एखादं सभासदपत्र, सगळं चालतं. आणि घरातले अल्बम काढा. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत, नव्या गाडीच्या पूजेला, महाबळेश्वरच्या सहलीत गाडीसमोर उभं राहून फोटो काढायची पद्धत होती. झेंडूच्या माळेआडून पाटीवरचा नंबर वाचता आला, फोटोच्या मागे तारीख असली, तर तुमच्या दाव्याला मोठं बळ मिळतं.

जुन्या पाटीवरच्या अक्षरांवरून नोंद कुठली हे कळतं. एमएचची आजची पद्धत १९८८च्या मोटार वाहन कायद्यानंतरची. तो कायदा १ जुलै १९८९पासून लागू झाला. त्याआधी मुंबईच्या पाट्यांवर बीएम, एमआर अशा अक्षरांनी सुरू होणारे गट होते, गोव्याच्या पाट्यांवर जीडी. पण नुसत्या अक्षरांवर जाऊन भागत नाही, कारण सीमा हलल्या आहेत. नांदेड किंवा परभणीची गाडी १९५६च्या आधीची असेल तर ती हैदराबाद राज्यात नोंदली गेली असेल. नागपूर-अमरावतीची जुन्या मध्य प्रांतात. बेळगाव-कारवारची गाडी मुंबई इलाख्यातली असेल आणि तिची नोंद आता सीमेपलीकडे शोधावी लागेल. सांगली, फलटण, औंध ही संस्थानं १९४८ साली विलीन झाली, कोल्हापूर १९४९ साली. तिथल्या गाड्यांची पहिली नोंद संस्थानच्या दप्तरात असू शकते. १९६०च्या आधी सुरतची गाडीही मुंबई राज्याचीच होती. एका ठिकाणी ‘रेकॉर्ड नाही’ हे उत्तर मिळालं म्हणून शोध संपला असं समजू नका. त्या साली तो जिल्हा कोणत्या राज्यात होता, हे आधी बघा.

दप्तरं टिकलेली नाहीत, हे खरं आहे. १९६१चा पानशेतचा पूर, २६ जुलै २००५ची मुंबई, २०१९चा कोल्हापूर-सांगलीचा महापूर, २०२१चं चिपळूण, प्रत्येक वेळी घरोघरचे कागद भिजले. म्हणूनच जे आहे त्याचे आजच फोटो काढून दोन-तीन ठिकाणी ठेवा. ओलं झालेलं आरसी बुक जबरदस्तीने उलगडू नका, आधी सावलीत वाळू द्या. आरसी हरवलं असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवून दुय्यम प्रतीचा, म्हणजे २६ नंबरचा अर्ज भरता येतो. संगणकावर गाडी सापडत नसेल तर जुन्या नोंदवहीतून तिची बॅकलॉग एंट्री करावी लागते, आणि त्यासाठी नोंदवहीतलं ते पान कुणीतरी शोधून काढावं लागतं. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. उत्तरच येत नसेल तर माहितीच्या अधिकारात विचारा.

मूळ मालक हयात नसतील तर वारसांनी एकत्र बसा. मालकाच्या मृत्यूनंतर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत ३१ नंबरचा अर्ज करायचा, असा नियम आहे. जुन्या गाड्यांच्या बाबतीत ही मुदत दोन पिढ्यांपूर्वीच उलटलेली असते. तरीही मृत्यूचा दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रं, बाकीच्या वारसांचं संमतीपत्र किंवा हक्कसोडपत्र, आणि गरज पडली तर कोर्टाचा वारस दाखला, या वाटेने जाता येतं. आपल्याकडे हा दाखला आजही १८२७च्या मुंबई विनियमाखाली मिळतो. मूळ मालकाने मालकी बदलाचे कोरे टीटीओ फॉर्म सही करून दिले आणि गाडी नाव न बदलता तीन हातांतून फिरली, हा प्रकारही सर्रास आढळतो. तिथे प्रत्येक हाताचा माग काढावा लागतो. मालकाचा काहीच पत्ता लागत नसेल तर वकिलामार्फत वर्तमानपत्रात चेसिस आणि इंजिन नंबरासकट जाहीर नोटीस द्या, पोलिसांना लेखी कळवा आणि मगच दिवाणी कोर्टात मालकी ठरवून मागा.

एवढं करून मिळतं काय? जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. नोंदणी दहा वर्षांची असते, नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये आणि फेरनोंदणीची पाच हजार ठरवली आहे. राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येणारी खास पाटी मिळते, आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. गाडी रोजच्या वापराला चालत नाही, पण प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, देखभाल यांसाठी रस्त्यावर आणता येते. हे सगळं मिळवायला इथे आधीच नोंदलेल्या गाडीचं जुनं आरसी लागतं, आयात गाडीला कस्टमचं बिल ऑफ एंट्री लागतं. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्याही आता पन्नाशी ओलांडून गेल्या आहेत. ज्या गाडीला तुम्ही अडगळ समजता ती या नियमात बसत असेल.

विलायती गाड्यांबाबत थोडक्यात एवढंच, की नंबर हाती असेल तर परदेशातली दप्तरं मदत करतात. रोल्स-रॉइसच्या प्रत्येक चेसिसची कारखान्याने कार्डं ठेवली होती आणि ती इंग्लंडमध्ये पॉलर्सपरी इथे जपलेली आहेत. गाडी मूळ कुणी मागवली हे त्यांवरून समजतं. एमजी, ऑस्टिन, मॉरिस यांच्या ज्या नोंदी शिल्लक आहेत त्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये आहेत, आणि तिथून नंबराबरहुकूम दाखला मिळतो. असा दाखला मालकी सिद्ध करत नाही, पण गाडी कोणती आणि कोणत्या सालची हा वाद मिटवतो.

सोसायट्यांच्या कमिट्यांना विनंती, की पार्किंग मोकळं करायच्या भरात जुनी गाडी उचलून देऊ नका. आधी नंबर उतरवा, फोटो काढा, सूचनाफलकावर लावा, जुन्या सभासदांच्या मुलांना कळवा. महापालिकांनी पन्नास वर्षांहून जुनी वाटणारी गाडी लिलावात काढण्यापूर्वी तिची पेन्सिल प्रिंट घेऊन आरटीओकडून नाव मागवावं. आरटीओतल्या अधिकाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे, की जुन्या नोंदवह्या स्कॅन होईपर्यंत रद्दीत किंवा वाळवीच्या तोंडी जाऊ देऊ नका. त्या पानांवाचून कित्येक कुटुंबांचा हक्क सिद्धच होणार नाही. भंगारवाल्या भावांनो, कागद मागितल्याशिवाय गाडी कापू नका. डेंटर, पेंटर, मिस्त्री मंडळी, नंबराच्या पत्र्याला हात लावण्यापूर्वी मालकाला बोलावून दाखवा. आणि ज्यांच्या घरी आजही वडिलांचे जुने ड्रायव्हर येतात-जातात, त्यांनी त्यांच्यापाशी बसून गाडीची हकिगत मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्यावी.

शेवटी, ज्यांच्याकडे गाडी नाही पण जुनं आरसी बुक कपाटात पडून आहे, अशा कुटुंबांना एक आग्रहाचं मागणं. नुसतं ते बुक मागायला कुणी पैसे घेऊन आला तर देऊ नका. गाडी मोडीत गेल्याचं नक्की माहीत असेल तर तसं आरटीओला लेखी कळवून नोंदणी रद्द करून घ्या. आणि तुमच्या वडिलांनी पूर्वी विकलेली गाडी ज्याच्याकडे आहे तो माणूस नाव बदलून घेण्यासाठी दारात आला, तर त्याला परत पाठवू नका. चेसिसची पेन्सिल प्रिंट मागा, आरसी बुकाशी जुळवा, आणि जुळली तर सही द्या.